डोमेन बदलताना गूगलवरची जागा कशी राखावी: बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या व्यावसायिकांसाठी

आपल्या भागात डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, बदलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तेव्हापासून इंग्रजीत जुनं स्पेलिंग असलेली डोमेन सोडून नवं स्पेलिंग घेण्याचा सपाटा सुरू आहे. कुणी डॉट कॉम सोडून डॉट इन घेतं. कुणाच्या दुकानाचं नाव वाटणीनंतर बदलतं, मग साइटचंही बदलावं लागतं.

अडचण बदलण्यात नाही, ती क्रम चुकण्यात आहे. बहुतेक ठिकाणी घडतं ते असं: नवी साइट उभी राहते, जुन्या डोमेनवरून सगळं नव्या होमपेजकडे वळवलं जातं आणि काम संपलं असं समजून जुनं होस्टिंग (साइट ठेवायला घेतलेली सर्व्हरवरची जागा) बंद केलं जातं. तीन-चार आठवड्यांत फोन कमी होतात. तेव्हा दोष गूगलला दिला जातो. खरं तर गूगलला जे सांगितलं तेच त्याने केलं: जुनी पानं गेली, त्यांच्या जागी काही नाही.

एक गोष्ट पक्की धरून पुढे वाचा. गूगलवरची जागा मुख्यतः पानाला मिळते, नुसत्या डोमेनच्या नावाला नाही. म्हणून प्रत्येक जुन्या पानाला त्याचं नवं पान मिळालं पाहिजे. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

टप्पा १: हलायची गरज आहे का, ते ठरवा

फक्त शहराच्या स्पेलिंगसाठी हलत असाल तर थांबा. डोमेनमध्ये गावाचं नाव असल्याने वर येण्याचा फायदा नगण्य असतो. लोक आजही दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं टाकून शोधतात, शिवाय मराठीत ‘बेळगाव’ आणि कन्नडमध्ये वेगळं. ही सगळी रूपं दुकानाच्या पत्त्यात, पानाच्या मजकुरात आणि शीर्षकात जिथे स्वाभाविक वाटतील तिथे आली की पुरतं. त्यासाठी डोमेन हलवण्याचा खटाटोप करू नका.

धंद्याचं नाव बदललं, डोमेन दुसऱ्याच्या नावावर आहे आणि तो देत नाही, किंवा दोन साइटी एकत्र करायच्या आहेत, ही खरी कारणं. यातलं एखादं असेल तर पुढे चला.

वेळही आत्ताच ठरवा. कुंदा, करदंट विकणाऱ्यांनी गणपती ते दिवाळी या काळात डोमेनला हात लावू नये. साडीवाल्यांनी लग्नसराई उरकू द्यावी, आषाढ बरा. हलवल्यावर काही आठवडे क्रमांक खालीवर होणारच. ते आठवडे मंदीचे असलेले परवडतात.

> खबरदारी: डोमेन, डिझाइन आणि मजकूर एकाच वेळी बदलू नका. घसरण झाली तर ती कशामुळे हे शोधता येत नाही. आधी आहे तशी साइट नव्या डोमेनवर न्या. रंगरंगोटी दोन-तीन महिन्यांनी करा.

टप्पा २: नव्या डोमेनचं पूर्वायुष्य पाहा

नवं म्हणून विकत घेतलेलं डोमेन आधी कुणाचं तरी असू शकतं. वेबॅक मशीनवर (साइटींची जुनी रूपं साठवणारी साइट) नाव टाकून मागच्या वर्षांत त्यावर काय होतं ते बघा. जुगाराची किंवा परक्या भाषेतली कचरा पानं दिसली तर ते डोमेन सोडा. डोमेन ताब्यात आलं की लगेच सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) त्याची मालकी सिद्ध करा आणि मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलने हाताने लावलेला दंड) व सुरक्षेचे अहवाल उघडून बघा. दोन्ही रिकामे हवेत.

याच ओघात एक सल्ला कुणीतरी देईल: जुनी, लिंका असलेली मुदत संपलेली डोमेनं विकत घ्या आणि आपल्या साइटकडे वळवा, रँकिंग वाढेल. हे करू नका. फक्त रँकिंगसाठी जुनी डोमेनं वापरणं गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत घातलं आहे.

टप्पा ३: जुन्या पानांची पूर्ण यादी

इथेच सगळ्यात जास्त आळस होतो. मेनूत दिसणारी दहा पानं म्हणजे साइट नव्हे. यादी चार ठिकाणांहून गोळा करा आणि एकत्र करून पुनरावृत्ती काढून टाका:

- साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनांसाठी ठेवलेली साइटवरच्या पानांची यादी
- सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल. यात १६ महिन्यांची माहिती मिळते, त्यामुळे मागचा दिवाळीचा हंगाम हमखास येतो. तक्ता एका वेळी १,००० ओळींपर्यंतच उतरवता येतो. साइट मोठी असेल तर विभागवार गाळून उतरवा.
- सर्च कन्सोलचा लिंक अहवाल, म्हणजे बाहेरच्यांनी तुमच्या कोणत्या पानांना जोडलंय ते
- साइट पूर्ण फिरून बघणारं साधन. स्क्रीमिंग फ्रॉग ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतं, आपल्याकडच्या बहुतेक साइटींना तेवढं पुरतं.

फोटो आणि पीडीएफ विसरू नका. उद्यमबागमधल्या कारखान्यांच्या साइटवर उत्पादनाच्या पानापेक्षा पीडीएफ कॅटलॉगलाच जास्त लिंका असतात. पुण्या-कोल्हापूरच्या खरेदी विभागांनी तोच पत्ता जपून ठेवलेला असतो.

> तपासा: यादीतल्या सर्वाधिक क्लिक मिळवणाऱ्या २० पानांना वेगळा रंग द्या. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ही २० पानं हाताने तपासायची आहेत.

टप्पा ४: जुळणीचा तक्ता

एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा. प्रत्येक ओळीला प्रश्न एकच: जुन्या पानावर जे शोधत आलेला माणूस होता, त्याला तेच नव्या पानावर मिळतं का?

पत्त्याचा डोमेननंतरचा भाग शक्यतो आहे तसाच ठेवा. म्हणजे फक्त डोमेनचं नाव बदलेल आणि एकच नियम सगळ्या साइटला पुरेल. ‘आता बदलतोच आहोत तर पत्तेही सुंदर करू’ हा मोह टाळा.

सगळं होमपेजकडे वळवणं ही सर्वात महाग चूक. समजा, अथणीच्या चपला विकणाऱ्या साइटवर ‘पायाचं माप कसं घ्यावं’ हे पान वर दिसतंय. ते होमपेजकडे वळवलं की गूगल पाहतं: इथे मापाची माहिती नाही. मग तो त्याला ‘सॉफ्ट ४०४’ ठरवतो, म्हणजे पान नाहीच असं धरतो. त्या पानाने कमावलेलं वजन होमपेजला मिळत नाही, ते वाया जातं. ज्या पानाला नवा जोडीदारच नाही, त्याला जवळचं विभागाचं पान द्या. तेही नसेल तर सरळ ४०४ (‘पान नाही’) किंवा ४१० (‘पान कायमचं काढलं’) देणं जास्त प्रामाणिक आणि निर्धोक.

*मराठी पत्त्यांचा घोळ*

मराठी साइटींचे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारे नियम) सर्वाधिक इथे फसतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

पत्त्यातली देवनागरी अक्षरं यंत्राकडे जाताना टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या सांकेतिक रूपात जातात. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, हलन्त यांची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘बेळगाव’ या एका शब्दाची ५४. वर्डप्रेस (साइट बनवण्याची प्रणाली) पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, त्यामुळे लांब मराठी शीर्षक मध्येच कापलं जातं. ‘लग्नासाठी शहापुरी साडी कशी निवडावी’ हे शीर्षक दिलं तर पत्ता ‘लग्नासाठी-शहापुरी-साडी-क’ इथेच तुटतो. तक्त्यात पत्ता शीर्षकावरून अंदाजाने लिहिला तर नियम कधीच जुळणार नाही. पत्ते नेहमी साइटमॅपमधून किंवा ब्राउझरमधून जसेच्या तसे उचला.

दुसरा घोळ दिसत नाही, म्हणून जास्त त्रासदायक. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्य’ दोन-तीन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. ‘अॅप’, ‘ॲप’ आणि ‘अ‍ॅप’ यांचंही तसंच. यंत्राला मात्र ते वेगवेगळे पत्ते. असे शब्द असलेल्या ओळी तक्त्यात शोधून काढा आणि प्रत्येकीची हाताने चाचणी घ्या.

तिसरा: सांकेतिक पत्ता नियमात टाकताना तो पुन्हा एकदा सांकेतिक होतो आणि प्रत्येक टक्का-चिन्हामागे ‘२५’ चिकटतं. रीडायरेक्ट झाल्यावर पत्त्यात जागोजागी २५ दिसायला लागलं तर हेच झालंय असं समजा. होस्टिंगवाल्याला ‘एन्कोडिंग दोनदा होतंय’ एवढं सांगा, त्याला कळतं.

टप्पा ५: नवी साइट आधी पूर्ण उभी करा

रीडायरेक्ट लावण्याआधी नव्या डोमेनवर सगळी पानं उघडली पाहिजेत. आतल्या सगळ्या लिंका, फोटोंचे पत्ते, कॅनॉनिकल टॅग (खरं पान कोणतं ते गूगलला सांगणारी खूण) आणि साइटमॅप नव्या डोमेनचेच हवेत. कॅनॉनिकल टॅगमध्ये जुनं डोमेन राहिलं तर गूगलला दोन उलट गोष्टी ऐकू येतात: रीडायरेक्ट म्हणतो नवीकडे जा, नवं पान म्हणतं खरं पान जुनंच.

वर्डप्रेसमध्ये डेटाबेसमधलं जुनं नाव थेट शोधा-बदला करून काढू नका. काही सेटिंग्ज लांबी मोजून साठवलेल्या असतात, त्या मोडतात. बेटर सर्च रिप्लेससारखं प्लगइन वापरा.

आपल्याकडच्या अनेक साइटी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. तसं असेल तर एचरेफलँग टॅगही (कोणतं पान कोणत्या भाषेचं ते सांगणारी खूण) नव्या डोमेनने बदला. आणि भाषा ओळखून आपोआप वळवणारा कोड असेल तर तो काढाच. गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो आणि भाषेची पसंती कळवत नाही. असा कोड त्याला दर वेळी इंग्रजी पानावर ढकलतो आणि मराठी पानं त्याला दिसतच नाहीत. शिवाय मोबाइल डेटावरच्या माणसाचं ठिकाण अनेकदा भलत्याच शहराचं निघतं. निपाणीत बसलेल्याला कोणती भाषा हवी, हे त्यावरून ठरवता येत नाही. वर तीन भाषांची बटणं द्या, माणूस आपली निवडतो.

> तपासा: नवी साइट बनवताना ‘सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये’ अशी खूण केली होती का? ती काढली का? ही एक खूण राहिल्याने पूर्ण साइट शोधातून गायब झालेली असते, आणि मालक रीडायरेक्ट तपासत बसतो.

टप्पा ६: ईमेल आणि पैशांचे मार्ग सांभाळा

रँकिंगच्या नादात हा टप्पा सुटतो, आणि नुकसान मात्र त्याच दिवशी होतं.

डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीही नव्या ठिकाणी पुन्हा भराव्या लागतात. जुन्या डोमेनच्या ईमेलवर कोटेशनच्या मागण्या येत असतील तर तो ईमेल चालूच राहिला पाहिजे. बदलण्याआधी डीएनएसच्या (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी यंत्रणा) सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. टीटीएल (नोंद किती वेळ जुनीच धरली जाते तो काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही चुकलं तर दुरुस्ती पटकन पसरते.

पेमेंट गेटवेमध्ये परतीचा पत्ता नव्या डोमेनचा करा. गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप ज्या पद्धतीने पाठवतो, ती माहिती ३०१ मधून (कायमच्या रीडायरेक्टमधून) जाताना गळून पडू शकते. मग पैसे कापले जातात आणि ऑर्डर ‘बाकी’ दिसते. नव्या डोमेनवर एक छोटी ऑर्डर स्वतः देऊन बघा.

टप्पा ७: रीडायरेक्ट लावा

कायमस्वरूपी हलत असाल तर ३०१ किंवा ३०८. हा गूगलसाठी स्पष्ट इशारा आहे की यापुढे नवा पत्ताच खरा. ३०२ आणि ३०७ तात्पुरते असतात आणि त्यांचा इशारा कमकुवत. ‘३०१ ने लिंकांचं वजन थोडं कमी होतं’ ही समजूत अजून ऐकू येते; तसं होत नाही, हे गूगलच्या माणसांनी २०१६ मध्येच जाहीरपणे सांगितलंय. घसरण होते ती चुकीच्या जुळणीमुळे.

मात्र पहिले काही तास ३०२ च लावा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतात. नियमात चूक निघाली तर दुरुस्त केल्यावरही जुन्या ग्राहकांच्या फोनवर चुकीचंच पान उघडत राहतं. चाचणी पूर्ण झाली की त्याच नियमात ३०२ चं ३०१ करा, आणि हे करायचं राहू नये म्हणून ते आजच्याच कामांच्या यादीत लिहा.

नियम सर्व्हरवर लावा. मेटा रिफ्रेश किंवा जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या कोडने, वळवणं हा शेवटचा पर्याय. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमधलं फुकटचं फॉरवर्डिंग वापरण्याआधी दोन गोष्टी बघा: आतल्या पानाचा पत्ता नव्या साइटवर तसाच जातो का, आणि जुन्या डोमेनवर एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालतं का. अनेक ठिकाणी दोन्ही होत नाही. ‘मास्किंग’ नावाचा पर्याय तर कधीच निवडू नका. त्यात पत्ता जुनाच दिसतो आणि आत चौकटीत नवी साइट उघडते, रीडायरेक्ट होतच नाही.

जुनं होस्टिंग बंद करायचं असेल तर जुन्या डोमेनचं डीएनएस क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेवर न्या. फुकटच्या योजनेतही एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आणि रीडायरेक्टचे नियम मिळतात.

> खबरदारी: जुन्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) गूगलला अडवू नका. ‘जुनी साइट आता नको’ म्हणून अनेक जण अडवतात. दारच बंद केलं तर रीडायरेक्ट त्याला दिसणार कसा? सर्च कन्सोलमधून जुनी पानं काढून टाकण्याची विनंतीही करू नका.

टप्पा ८: त्याच दिवशीची तपासणी

होमपेज उघडून ‘चालतंय’ म्हणणं ही तपासणी नव्हे. एखादं आतलं पान घ्या आणि जुन्या डोमेनच्या चारही रूपांनी उघडा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. चारही वेळा एकाच उडीत नव्या डोमेनच्या अंतिम पत्त्यावर पोचलं पाहिजे.

बहुतेक साइटींवर उड्यांची साखळी निघते. जुन्या एचटीटीपीवरून जुन्या एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून नव्या डोमेनवर, आणि तिथे पुन्हा शेवटच्या तिरक्या रेघेसाठी एक उडी. गूगलबॉट १० उड्यांपर्यंत जातो, पण ग्रामीण भागातल्या मंद नेटवर प्रत्येक उडी माणसाला थांबवते. वर्षांपूर्वीचे जुने नियम शोधा आणि त्यांचं टोक थेट नव्या पत्त्याला जोडा.

रंगवलेली २० पानं, मराठी पत्त्यांची पानं आणि पीडीएफ एकेक करून बघा. बाकीची पूर्ण यादी स्क्रीमिंग फ्रॉगला द्या आणि तीन गोष्टी मोजा: ३०१ नसलेले, एकाहून अधिक उड्या घेणारे, आणि शेवटी २०० (‘पान ठीक आहे’) न देणारे. तिन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा ९: गूगलला कळवा

जुनं आणि नवं, दोन्ही डोमेन सर्च कन्सोलमध्ये एकाच खात्याच्या मालकीची हवीत. मग जुन्या डोमेनच्या सेटिंग्जमधून ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ भरा. हे रीडायरेक्ट लागल्यावरच, आधी नाही. साधन स्वतःच ते तपासतं. सबडोमेन असतील तर ती आपोआप हलत नाहीत, त्यांचा स्वतंत्र विचार करा. या सूचनेचा परिणाम १८० दिवस राहतो. त्यानंतर जुन्या डोमेनवर रीडायरेक्टऐवजी काही दिसलं तर गूगल ती एक वेगळी, असंबंधित साइट मानतं.

नवा साइटमॅप नव्या डोमेनखाली द्या. बिंगलाही द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

स्थानिक धंद्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल इतकंच महत्त्वाचं. तिथली वेबसाइटची लिंक बदला. नवी प्रोफाइल उघडू नका, नाहीतर खडेबाजारातल्या ग्राहकांनी वर्षानुवर्षं लिहिलेले अभिप्राय जुन्या प्रोफाइलवरच राहतील. त्यानंतर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि व्यापारी डिरेक्टऱ्या. ज्या बाहेरच्या साइटींवरून सर्वाधिक लोक येतात, त्यांना लिंक बदलण्याची विनंती करा.

टप्पा १०: पुढचे आठवडे

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात. या काळात रोज स्वतःच्या फोनवर नाव शोधून बघण्यात अर्थ नाही. फोन तुमच्या सवयीनुसार उत्तरं देतो. आठवड्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा. जुन्या डोमेनची नोंदलेली पानं कमी होत असतील आणि नव्याची तितकीच वाढत असतील, तर गाडी रुळावर आहे. क्लिक मोजताना दोन्ही डोमेनची बेरीज करा आणि ती मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. कुंद्याची विक्री श्रावणात आणि दिवाळीत सारखी नसते, तसे शोधही नसतात.

घसरण दिसली तर ती पूर्ण साइटची आहे की ठरावीक पानांची, हे आधी पाहा. ठरावीक पानं पडली असतील तर जुळणीचा तक्ता पुन्हा उघडा. एकाच भाषेतली सगळी पानं पडली असतील तर एचरेफलँग आणि भाषेनुसार वळवणारा कोड तपासा. पूर्ण साइट पडली असेल तर नोंदणी रोखणारी खूण, रोबोट्स फाइल आणि प्रमाणपत्र, याच क्रमाने. घाबरून रीडायरेक्ट काढून जुनी साइट पुन्हा सुरू करू नका. त्याने गूगलचा गोंधळ दुप्पट होतो.

टप्पा ११: जुनं डोमेन सोडू नका

रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असं गूगल सांगतं. माझं मत स्पष्ट आहे: डोमेन धंदा चालू असेपर्यंत ठेवा. वर्षाचं नूतनीकरण मिठाईच्या दोन-चार डब्यांच्या किमतीत होतं. छापून ठेवलेल्या डब्यांवर, बिलबुकांवर, दुकानाच्या पाटीवर आणि क्यूआर कोडमध्ये जुनाच पत्ता असतो. डोमेन सुटलं तर ते कुणीही घेऊ शकतं, आणि मग तुमच्या डब्यावरचा कोड स्कॅन करणाऱ्याला भलतीच साइट उघडते.

प्रमाणपत्राचंही नूतनीकरण जुन्या डोमेनवर चालू राहिलं पाहिजे. ते संपलं की ब्राउझर रीडायरेक्टच्या आधीच लाल इशारा दाखवतो आणि माणूस परत फिरतो.

शेवटची तपासणी आजच करा: जुनं डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या कार्डावर आहे? साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असेल आणि तो पुढे बेंगळुरूला नोकरीला गेला असेल, तर नूतनीकरणाची आठवण त्याच्याच मेलवर जाते. डोमेन स्वतःच्या खात्यात हस्तांतरित करून घ्या, स्वयंनूतनीकरण चालू करा, आणि हे काम टप्पा १ च्याही आधी उरका.